बालिस स्रुओगा आणि ‘देवांचे अरण्य’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालिस स्रुओगा कोण होते?

बालिस स्रुओगा (१८९६–१९४७) हे लिथुआनियाचे कवी, नाटककार, रंगभूमीचे अभ्यासक आणि विद्यापीठातील प्राध्यापक होते. आज मात्र त्यांचे नाव मुख्यतः एका गद्य पुस्तकामुळे घेतले जाते. नाझींच्या स्टुट्टहोफ छळछावणीत काढलेल्या दोन वर्षांवर त्यांनी ‘दिएवू मिश्कास’ म्हणजे ‘देवांचे अरण्य’ हे पुस्तक लिहिले. ते लिथुआनियाच्या शाळांत अभ्यासाला असते आणि तेथील विसाव्या शतकातील महत्त्वाच्या गद्यकृतींत त्याची गणना होते. छळछावणीवरचे हे पुस्तक पहिल्या पानापासून उपरोधाने, कित्येकदा उघड थट्टेच्या सुरात लिहिलेले आहे, हे त्याचे वेगळेपण. या पानावरील बरेचसे प्रश्न फिरून फिरून तिथेच येतात.

त्यांना कादंबरीकार म्हणावे का?

काटेकोरपणे पाहिले तर नाही. स्रुओगांनी आयुष्यभर प्रामुख्याने कविता आणि नाटके लिहिली, आणि ‘देवांचे अरण्य’ हे त्यांचे एकमेव प्रसिद्ध दीर्घ गद्य सत्य घटनांवर आधारलेले आहे. परंतु प्रसंगांची मांडणी, व्यक्तिरेखांचे रेखाटन, निवेदकाचा जाणीवपूर्वक घडवलेला आवाज आणि प्रकरणागणिक बदलणारी लय पाहता लिथुआनियन समीक्षेत या पुस्तकाला कधी ‘आठवणी’, तर कधी ‘आठवणींची कादंबरी’ म्हटले गेले आहे. आम्हाला दुसरे नाव अधिक योग्य वाटते. यातली माणसे आणि ठिकाणे खरी असली, तरी ‘मी’ म्हणून बोलणारा निवेदक हा एका मुरलेल्या नाटककाराने उभे केलेले पात्र आहे.

त्यांचे बालपण आणि शिक्षण कुठे झाले?

२ फेब्रुवारी १८९६ रोजी उत्तर लिथुआनियातील बिर्झाय भागात, बाइबोकाय या खेड्यात, एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्या वेळी लिथुआनिया रशियन साम्राज्याचा भाग होता. लॅटिन लिपीत लिथुआनियन मजकूर छापण्यावरची बंदी १९०४ साली उठली, तेव्हा स्रुओगा आठ वर्षांचे होते. म्हणजे आपल्या भाषेतले पुस्तक उघडपणे विकत घेता येणाऱ्या पहिल्या शाळकरी पिढीत ते वाढले. शालेय शिक्षण पानेवेझिस येथे झाल्यावर १९१४ साली त्यांनी पेत्रोग्राद (आजचे सेंट पीटर्सबर्ग) येथील वनविद्या संस्थेत प्रवेश घेतला. पुढे ज्यांचे नाव एका अरण्याशी कायमचे जोडले गेले, त्या लेखकाने सुरुवात वनशास्त्राने करावी हा निव्वळ योगायोग आहे. तिथे त्यांचे मन रमले नाही आणि ते साहित्याकडे वळले, आधी पेत्रोग्रादमध्ये आणि नंतर मॉस्कोत. रशियन प्रतीकवादी कवी कोन्स्तांतिन बाल्मोंत, तसेच रशियन आणि लिथुआनियन या दोन्ही भाषांत लिहिणारे युर्गिस बाल्त्रुशाइतिस यांच्याशी याच काळात त्यांचा स्नेह जुळला.

१९१८ साली लिथुआनिया स्वतंत्र झाल्यावर ते मायदेशी परतले आणि काही काळ वृत्तपत्रांत आणि नाट्यवर्तुळात वावरले. १९२१ ते १९२४ या काळात त्यांनी जर्मनीत म्युनिक विद्यापीठात शिक्षण घेतले आणि लिथुआनियन लोकगीतांवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. त्यामुळे पुढे ज्या भाषेत त्यांना शिव्या आणि हुकूम ऐकावे लागले, ती भाषा त्यांना एका सुसंस्कृत विद्यापीठाच्या वर्गखोल्यांतून आधीच अवगत होती. छावणीतील जर्मन कारकुनी भाषेचा पोकळपणा त्यांनी इतक्या अचूकपणे टिपला, यामागे हे एक कारण असावे.

अटकेपूर्वी त्यांनी कोणते लेखन केले होते?

१९२० साली ‘सूर्य आणि वाळू’ आणि १९२३ साली ‘देवांच्या वाटांनी’ हे त्यांचे कवितासंग्रह प्रसिद्ध झाले. लोकगीतांच्या लयीचा आणि प्रतीकवादाचा प्रभाव त्यांच्या या कवितेवर स्पष्ट दिसतो. नंतर मात्र त्यांचा ओढा नाटकाकडे वाढत गेला. १९३२ सालचे ‘महापुरुषाची सावली’ हे त्यांचे सर्वांत गाजलेले ऐतिहासिक नाटक. लिथुआनियाचा महान ड्यूक व्हितौतास याच्या पराक्रमाच्या आणि होऊ घातलेल्या राज्याभिषेकाच्या छायेत वावरणारा त्याचा चुलतभाऊ, पोलंडचा राजा योगाइला, हा त्याच्या केंद्रस्थानी आहे. विजेत्याऐवजी सावलीत राहिलेल्या, थकलेल्या, संशयी म्हाताऱ्या राजाला नायकत्व देण्यात स्रुओगांच्या दृष्टीचा कल दिसतो. मुलांसाठी त्यांनी व्हिल्नियस वसवणाऱ्या गेदिमिनासवर दीर्घकाव्य लिहिले आणि विद्यार्थ्यांसाठी रशियन साहित्याचा इतिहास.

अध्यापनाचे काम १९२४ पासून काउनास येथे सुरू झाले. व्हिल्नियस त्या वेळी पोलंडच्या ताब्यात असल्याने काउनास ही देशाची तात्पुरती राजधानी होती. तिथल्या विद्यापीठात त्यांनी रंगभूमीच्या अभ्यासाचा परिसंवादवर्ग सुरू केला, आणि लिथुआनियातील शास्त्रशुद्ध नाट्याभ्यासाची सुरुवात याच वर्गापासून मानली जाते. १९३९ साली व्हिल्नियस परत मिळाल्यावर विद्यापीठाच्या मानव्यशाखा तिकडे हलल्या आणि १९४० साली स्रुओगाही तिकडे गेले. त्याच वर्षी जूनमध्ये सोव्हिएत फौजा आल्या आणि वर्षभरात जर्मन फौजा.

त्यांना अटक का झाली?

स्रुओगांनी केलेल्या एखाद्या कृत्याची ही शिक्षा नव्हती. १९४३ च्या सुरुवातीला जर्मन प्रशासनाने लिथुआनियन तरुणांची एसएस (नाझी पक्षाचे सशस्त्र दल) तुकडी उभारण्याचा प्रयत्न केला आणि तो सपशेल फसला. तरुण भरतीला फिरकलेच नाहीत. या अपयशाचे खापर सुशिक्षित वर्गावर फोडण्यात आले. मार्चच्या मध्यास विद्यापीठे बंद करण्यात आली आणि ४६ नामवंत व्यक्तींना ओलीस म्हणून पकडून स्टुट्टहोफला पाठवण्यात आले. त्यांत प्राध्यापक होते, धर्मगुरू होते, वकील होते, आणि ज्यांनी जर्मन अमलाखालील स्थानिक प्रशासनात काम केले होते असेही काहीजण होते. हा शेवटचा तपशील अनेक गौरवपर लेखांत गाळला जातो, पण तो सांगितला पाहिजे, कारण त्याशिवाय त्या काळाचा गुंता कळत नाही. अटकेच्या वेळी स्रुओगा ४७ वर्षांचे होते.

स्टुट्टहोफ छावणी कुठे होती?

ग्दान्स्क शहराच्या पूर्वेस सुमारे ३५ किलोमीटरवर, बाल्टिक समुद्र आणि विस्तुला नदीचा त्रिभुज प्रदेश यांच्यामध्ये, वाळू, दलदल आणि पाइनची झाडे असलेल्या पट्ट्यात ही छावणी होती. आज ते गाव पोलंडमध्ये असून त्याचे नाव श्तुतोवो आहे. २ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे महायुद्ध सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, पहिले कैदी तिथे आणले गेले, आणि ९ मे १९४५ रोजी, जर्मनीने शरणागती पत्करल्यानंतर, ती मुक्त झाली. या काळात सुमारे १,१०,००० माणसे या छावणीत आणली गेली आणि त्यांपैकी सुमारे ६५,००० मरण पावली.

पुस्तकाला ‘देवांचे अरण्य’ असे नाव का?

त्या परिसराला असलेले हे जुने नाव आणि त्यामागची, कधीकाळी तिथे देव वावरत होते अशी आख्यायिका स्रुओगांनी उचलली. पुस्तकाची सुरुवात ते एखाद्या प्रवासवर्णनासारखी करतात: समुद्र, हवा, झाडे, वाळू. आपण कुठल्या ठिकाणाविषयी वाचतो आहोत हे ठाऊक असल्याने वाचक या शांत सुराने अस्वस्थ होतो, आणि लेखकाला नेमके तेच हवे आहे. नाव बदलण्याची गरज त्यांना वाटली नाही, कारण खुद्द भूगोलानेच उपरोध पुरवला होता.

पुस्तकात नेमके काय आहे?

व्हिल्नियसमधील अटकेपासून १९४५ च्या हिवाळ्यात कैद्यांवर लादलेल्या पायपिटीपर्यंतचा काळ यात येतो. मात्र कथानक दिनदर्शिकेप्रमाणे पुढे सरकत नाही. एकेक प्रकरण छावणीच्या एकेका अंगावर आहे: आगमन, हजेरी, काम, सूप, उवा, दवाखाना, पार्सले, कचेरी, मुकादम, एसएसचे अधिकारी. छावणीचा रोजचा कारभार प्रत्यक्षात कैद्यांच्याच हाती होता, आणि त्यातही हिरवा त्रिकोण लावलेले सराईत गुन्हेगार वरचढ होते. लाल त्रिकोणाचे राजकीय कैदी त्यांच्या मर्जीवर जगत. खून आणि दरोडे करून आलेले हे मुकादम, त्यांचे रुसवेफुगवे, त्यांची प्रेमप्रकरणे, चोरलेल्या मालाचे त्यांचे व्यवहार हे सारे स्रुओगा एखाद्या दरबाराचे वर्णन करावे तसे लिहितात.

हजेरीचा भाग पुस्तकाच्या मध्यवर्ती आहे. सकाळ-संध्याकाळ सर्वांनी रांगेत उभे राहायचे आणि कागदावरचा आकडा मैदानावरच्या आकड्याशी जुळेपर्यंत हलायचे नाही. हिशेबात मेलेलेही धरावे लागत. पाऊस असो वा बर्फ, बेरीज चुकली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. या प्रसंगांत लेखकाचा राग मारणाऱ्या हातापेक्षा बेरीज करणाऱ्या पेन्सिलीवर अधिक असल्याचे जाणवते. माणूस मेला याचे कोणाला काही नाही, आकडा चुकला याचे मात्र सर्वांना आहे.

स्रुओगांना छावणीत वेगळी वागणूक मिळाली होती का?

सुरुवातीला नाही, नंतर हो. पहिल्या काही महिन्यांत या ओलिसांची अवस्था इतर कैद्यांसारखीच होती, आणि त्यांच्यापैकी काहीजण कठोर श्रम, उपासमार आणि आजारपणाने दगावले. १९४३ च्या उन्हाळ्यापर्यंत त्यांचा दर्जा बदलून त्यांना ‘सन्माननीय कैदी’ ठरवण्यात आले, आणि पार्सले, पत्रे, हलकी कामे अशा सवलती मिळाल्या. स्रुओगांना छावणीच्या कचेरीत कारकुनी काम मिळाले.

या सवलतीमुळे त्यांचा जीव वाचला आणि पुस्तकही शक्य झाले. कचेरीतील कारकुनाच्या टेबलावरून सगळी यंत्रणा दिसते: कोण आले, कोण कुठे पाठवले गेले, कोणाच्या नावापुढे मृत्यूची नोंद झाली आणि त्या नोंदीत खऱ्या कारणाऐवजी कोणत्या आजाराचे नाव लिहिले गेले. नोंदवहीतील स्वच्छ अक्षर आणि खिडकीबाहेरचे दृश्य यांतील तफावत हाच त्यांच्या उपरोधाचा कच्चा माल होता. आपण इतरांपेक्षा बऱ्या अवस्थेत आहोत हे ते लपवत नाहीत.

इतक्या भीषण विषयावर विनोद का?

हा प्रश्न पुस्तक लिहिले गेले तेव्हापासून विचारला जातो, आणि अनेक वाचक प्रथम वाचनात दचकतात. त्यामुळे याचे उत्तर थोडे विस्ताराने देत आहोत.

पहिली गोष्ट अशी की यातला विनोद पीडितांवर बेतलेला नाही. तो मुख्यतः सत्तेवर आहे: एसएस अधिकाऱ्याचा पोकळ रुबाब, त्याची हाव, त्याचे अज्ञान, गुन्हेगार मुकादमाने चढवलेला मोठेपणाचा आव. या माणसांना राक्षस म्हणून रंगवले तर त्यांना एक प्रकारची भव्यता मिळते. स्रुओगा ती नाकारतात. त्यांच्या लेखी ही मंडळी क्षुद्र, चोरटी आणि बहुधा मूर्ख आहेत, आणि अशा क्षुद्र माणसांच्या हातून हजारो जीव गेले, हे अधिक भयंकर आहे.

दुसरी गोष्ट निवेदकाची. ‘मी’ स्वतःलाही सोडत नाही. पुस्तकांत बुडालेला, शरीरश्रमाची सवय नसलेला, लाकडी तळव्यांच्या बुटांत धडपडणारा प्राध्यापक स्वतःचीच टर उडवतो. भूक माणसाला कशी लाचार करते, भाकरीच्या तुकड्यासाठी सुशिक्षित माणसेही कशी खोटे बोलतात, हे सांगताना तो स्वतःला वेगळा काढत नाही. येथे विनोद थोडा कडवट होतो, आणि क्वचित तो इतर कैद्यांवर, त्यांच्या देशा-प्रांतावरून मारलेल्या शेऱ्यांवरही घसरतो. अशी काही वाक्ये आज खटकतात आणि ती खटकणे योग्यच आहे.

तिसरी गोष्ट रंगभूमीची. १९२० च्या दशकाच्या आरंभी काउनासमध्ये ‘व्हिल्कोलाकिस’ नावाचे एक प्रहसनाचे नाट्यमंडळ होते आणि त्याच्या उभारणीत स्रुओगांचा सहभाग होता. राजकारण्यांची आणि प्रतिष्ठितांची रेवडी उडवणे हा त्याचा धंदाच होता. छावणीत त्यांना जे दिसले, त्यात गणवेश होते, ठरलेले संवाद होते, रोजचे प्रवेश होते आणि वाद्यवृंदही होता. नाटकवाल्याच्या नजरेला ते एक किळसवाणे प्रहसन वाटले असल्यास नवल नाही.

आणि शेवटी, हा सूर सबंध पुस्तकभर टिकत नाही. काही ठिकाणी, विशेषतः अखेरच्या पायपिटीच्या वर्णनात, थट्टा अचानक विरते आणि वाक्ये आखूड होतात. आमच्या मते पुस्तकाची खरी ताकद या जागांत आहे, कारण तोवर वाचक हसण्याला सरावलेला असतो.

ज्यू कैद्यांविषयी पुस्तकात काय येते?

१९४३ पर्यंत लिथुआनियातील दोन लाखांहून अधिक ज्यूंपैकी बहुसंख्य लोक मारले गेले होते, तेही बव्हंशी त्यांच्या स्वतःच्या गावांजवळ आणि स्थानिक लोकांच्या सहभागाने. स्रुओगांचे पुस्तक त्या संहाराविषयी नाही. १९४४ च्या उन्हाळ्यात मात्र बाल्टिक प्रदेशातून आणि आउश्वित्झमार्गे हजारो ज्यू स्त्री-पुरुष स्टुट्टहोफला आणले गेले, त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, आणि त्याच वर्षी तिथली विषारी वायूची कोठडी माणसांच्या हत्येसाठी वापरली जाऊ लागली. हे बघणारा साक्षीदार म्हणून स्रुओगा लिहितात, पण ते त्या गोटाच्या बाहेर होते. त्या कैद्यांचा अनुभव समजून घ्यायचा असेल तर वाचलेल्या ज्यूंच्या स्वतःच्या साक्षी वाचाव्यात; या एका पुस्तकावर ते ओझे टाकू नये.

त्यांची सुटका कशी झाली?

रशियन फौजा जवळ येताच २५ जानेवारी १९४५ पासून हजारो कैद्यांना रांगा करून, बर्फातून, पश्चिमेकडे लेंबोर्कच्या दिशेने चालवत नेण्यात आले. अंगावर अपुरे कपडे होते, अन्न जवळजवळ नव्हते आणि मागे पडणाऱ्याला गोळी घातली जाई. स्रुओगा या पायपिटीतून वाचले. मार्चमध्ये सोव्हिएत सैन्याने त्यांच्या गटाला गाठले आणि मे महिन्यात ते व्हिल्नियसला पोहोचले. त्याच उन्हाळ्यात, प्रकृती ढासळलेली असताना, बिर्श्तोनास या आरोग्यधामाच्या गावी राहून त्यांनी ‘देवांचे अरण्य’ लिहून काढले. एवढे मोठे पुस्तक काही महिन्यांत पुरे झाले.

नाझीविरोधी पुस्तक सोव्हिएत राजवटीने का छापले नाही?

सोव्हिएत दृष्टीने छळछावणीवरील पुस्तकात वीर असायला हवे होते: संघटित, निडर, शक्यतो कम्युनिस्ट. स्रुओगांच्या पुस्तकात भुकेली, घाबरलेली, चोऱ्या करणारी, कधी एकमेकांना सांभाळणारी आणि कधी फसवणारी माणसे होती. शिवाय ऑगस्ट १९४६ मध्ये लेनिनग्राडच्या दोन नियतकालिकांविरुद्ध पक्षाचा ठराव आला आणि साऱ्या सोव्हिएत प्रदेशात साहित्यिकांची झाडाझडती सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या लिथुआनियन लेखकांच्या सभेत ज्यांच्यावर टीका झाली, त्यांत स्रुओगा होते. पीडितांचा उपहास केल्याचा आरोप पुस्तकावर ठेवला गेला.

आणखी एक कारण उघडपणे कोणी लिहिले नसणार, पण ते तर्काने दिसते. हजेरी, मोजणी, गुन्हेगारांच्या हाती दिलेला राजकीय कैद्यांचा कारभार, उपाशीपोटी ठरवून दिलेले काम हे सारे वाचणाऱ्या लिथुआनियन माणसाचे नातलग त्याच सुमारास सैबेरियात हद्दपार होत होते. तुलना करायला त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

स्तालिनच्या मृत्यूनंतर वातावरण काहीसे निवळले आणि १९५७ साली पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखकाला जाऊन तोवर दहा वर्षे झाली होती.

त्यांच्या कुटुंबाचे काय झाले?

१९२४ साली त्यांचा विवाह इतिहासाच्या अभ्यासक वांदा दाउगिर्दाइते यांच्याशी झाला होता. त्यांना दालिया ही एकुलती एक मुलगी. स्रुओगा छावणीत असताना, १९४४ साली सोव्हिएत फौजा परत येण्याच्या बेतात असताना, या दोघी पश्चिमेकडे निघून गेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्या. स्रुओगा परतले ते रिकाम्या घरात. विद्यापीठात ते पुन्हा शिकवू लागले आणि राणी बार्बोरा राद्विलाइतेवरचे नाटक त्यांनी लिहायला घेतले, पण प्रकृती आणि मन दोन्ही खचली होती. १६ ऑक्टोबर १९४७ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, व्हिल्नियस येथे त्यांचे निधन झाले. पत्नीची आणि मुलीची भेट पुन्हा झाली नाही. वांदा स्रुओगिएने यांनी परदेशात राहून लिथुआनियाच्या इतिहासावर पुस्तके लिहिली आणि १९९७ पर्यंत त्या हयात होत्या. काउनासमधील या कुटुंबाचे घर आज संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे.

त्याच छावणीवर त्यांच्या सोबत्यांपैकी आणखी कोणी लिहिले आहे का?

होय. त्याच ४६ जणांपैकी स्तासिस इला हे कॅथलिक धर्मगुरू युद्धानंतर अमेरिकेत गेले आणि १९५१ साली त्यांच्या आठवणी ‘देवांच्या अरण्यातील माणसे आणि पशू’ या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाल्या. त्यांचा सूर गंभीर आणि श्रद्धाळू आहे. एकाच छावणीत राहिलेली दोन माणसे एकच दिवस किती निरनिराळ्या रीतीने सांगतात, हे पाहण्यासाठी दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. तपशिलांसाठी इला अधिक शिस्तीचे आहेत. माणसे डोळ्यांपुढे उभी राहतात ती स्रुओगांकडे.

पुस्तक इंग्रजीत मिळते का? त्यावर चित्रपट आहे का?

औश्रिने बिला यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९९६ साली प्रसिद्ध झाले. मूळ लिथुआनियनमध्ये छावणीच्या बोलीतील जर्मन आणि पोलिश शब्दांची जी सरमिसळ आहे, ती कोणत्याही भाषांतरात थोडी पातळ होणारच. कथन मात्र पोहोचते. अल्गिमान्तास पुइपा यांनी २००५ साली याच नावाचा चित्रपट केला आणि त्यात प्राध्यापकाची मध्यवर्ती भूमिका व्हालेंतिनास मासाल्स्किस यांनी साकारली. चित्रपट पुस्तकाहून बराच गंभीर आहे, आणि छावणीइतकेच त्यानंतरच्या सोव्हिएत काळातील लेखकाच्या कोंडीकडेही लक्ष देतो. तो आधी पाहिल्यास पुस्तकातील हसू कानी पडायला वेळ लागतो, म्हणून पुस्तक आधी वाचावे. तेही एका बैठकीत नव्हे: प्रकरणे स्वतंत्रपणे उभी राहतात, आणि दोन-तीन वाचून थांबल्यास उपरोधाची धार बोथट होत नाही.